साळूची पगारी सुट्टी

१ जानेवारी १९७१, शुक्रवार

ही डायरी श्रीमंतने दिली. नागापूरला त्याच्या वर्कशॉपात कुणा तेलवाल्या कंपनीने वाटल्या, त्यातली एक त्याच्या वाट्याला आली. म्हणाला, "आबा, तुमचं अक्षर छापल्यागत हाय. लिवत जा यात. नुसतं बोलून आईचं डोकं खाऊ नका." बापाला असं बोलतात का? पण डायरी चांगली आहे. कागद गुळगुळीत आहे.

अक्षर चांगलं हे मात्र खरं. मराठी सातवी पास आहे मी. गुरुजी माझी पाटी सगळ्या वर्गात फिरवायचे. टांग्याच्या मागे 'जालिंदर, सावेडी शाळा टांगा' असं लिहिलंय ते मीच लिहिलंय. लोक विचारतात, कुठल्या पेंटरकडून करून घेतलं?

सावेडीच्या नव्या बंगल्यांतल्या सहा मुली मी रोज गावातल्या शाळेत नेतो आणि आणतो. घोडी साळू, वय नऊ, रंग तांबूस, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. घोडेगावच्या बाजारातून आणली तेव्हा दोन वर्षांची होती. तिने आजवर एकदाही मला रस्त्यात उभं ठेवलेलं नाही. माणसांबद्दल असं लिहिता येत नाही.

३ जानेवारी, रविवार

श्रीमंत काल संध्याकाळी आला. आठवडाभर तो नागापूरलाच तिघांत मिळून घेतलेल्या खोलीवर राहतो. दिवाळीपासून नोकरी कायम झाली, तेव्हापासून बोलणं बदललंय. जेवताना म्हणाला, "आबा, रविवारची सुट्टी पगारी असती. घरी बसायचं न् पगार चालू." वर मला विचारतो, "तुमाला कवा असती सुट्टी?"

मला लागलं ते. तीस वर्षं मी रविवारीसुद्धा स्टेशनच्या अड्ड्यावर टांगा लावत आलो. मी म्हटलं, "आजपासून आमालाबी सुट्टी. मला न् साळूलाबी. पगारी." आणि खरोखरच टांगा सोडला नाही. साळूचा रोजचा दाणा दोन शेर हरभरा, तो पूर्ण दिला. वर शेरभर सुट्टीचा म्हणून. गुळाचा खडा वेगळा.

मालन म्हणाली, "मामंजी बसल्या दिवशी दाना देत नव्हते जनावराला."

मला माहीत नाही का? आमच्या तात्यांचा नियमच होता, काम नाही तर दाणा नाही. घोडा उभा राहिला की त्याच्यापुढे नुसतं वाळलं गवत. मी लहानपणी चड्डीच्या खिशातून हरभरे चोरून न्यायचो आणि घोड्याच्या ओठांनी तळहाताला गुदगुल्या व्हायच्या. एकदा पकडलं आणि चाबकाच्या दांड्याने मारलं. मला ताप आला तरी तेच, अंथरुणात आहेस ना, मग पेज पी. तेव्हाच ठरवलं होतं, आपण असं वागायचं नाही.

श्रीमंत हसत होता. "साळूला बोनस कवा?" म्हणाला. हसू दे.

४ जानेवारी, सोमवार

साळू आज नाचत निघाली. मान वर, कान ताठ. दिल्ली दरवाज्यातून जाताना एका सायकलवाल्याला भीती घातली. मुली खूश. एका सुट्टीने जनावर किती टवटवीत होतं! तात्या असते तर दाखवलं असतं.

११ जानेवारी, सोमवार

नीट लिहितो.

कालची दुसरी सुट्टी. दाणा पूर्ण, वरचा शेरभर पण दिला, शिवाय मालनने केलेल्या शेंगोळ्यांतलं हुलग्याचं पीठ उरलं होतं ते कालवून घातलं. सकाळी साळू परत नाचत निघाली. सावेडीला मुली घेतल्या, परत फिरलो, आणि अर्ध्या वाटेवर तिला एकाएकी घाम सुटला. थंडी एवढी की माझ्या कानाला मफलर, आणि हिच्या अंगावरून पाणी ओघळतंय. मागचे पाय ताठ झाले. काठीवर चालल्यासारखी चार पावलं टाकली आणि उभी राहिली. चाबूक मी कधी मारत नाही, आज एक हलका लावला. देवा, का लावला?

पोटात कळ असणार असं वाटलं. आमच्यात पोटदुखीला एकच औषध, जनावर बसू द्यायचं नाही, फिरवत राहायचं. मुलींना उतरवलं, टांगा सोडला आणि तिला लगाम धरून ओढत ओढत फिरवली. ती एक पाऊल टाकायची आणि कण्हायची. घोडी कण्हते हे मी पहिल्यांदा ऐकलं. तासाभराने मुतली तर लघवी कोऱ्या चहासारखी काळी.

मुली चालत शाळेत गेल्या. उशीर झाला. शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवलाय की भेटा.

१२ जानेवारी, मंगळवार

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दौऱ्यावर आहेत. कंपाउंडर म्हणाला पोटदुखीच, पावडर दिली. ओवा-हिंगाचं पाणी पाजलं. साळू उभी आहे, पण मागे हात लावला की अंग चोरते. चांदभाई नालबंदाने चारी खूर बघितले. "खूर साफ आहे जालिंदरभाऊ. खिळा कुठं लागला न्हाई. पन पुठ्ठे बघा, लाकूड झालंय." खरंच, दोन्ही पुठ्ठे लाकडासारखे टणक.

मोठ्या बाई भल्या आहेत. म्हणाल्या, जनावर आहे, एखादवेळी होतं.

१५ जानेवारी, शुक्रवार

चालायला लागली. काल संक्रांतीला मुलींनी तिला तिळगूळ चारला आणि "गोड बोल" म्हणाल्या. परवापासून शाळेच्या फेऱ्या सुरू केल्यात, हळूहळू. काही नाही, पोटच होतं. माझा जीव उगाच वरखाली होतो. दिवसातून चारदा उठून बघून येतो. मालन म्हणते, माझ्या बाळंतपणात एवढे उठला नव्हता.

१७ जानेवारी, रविवार

आज सुट्टी तर हवीच, आजारातून उठलीय. अंगात ताकद भरायला पाहिजे म्हणून चार शेर हरभरा भिजवून दिला, सकाळ-संध्याकाळ मिळून. गूळ आणि चमचाभर तूप.

श्रीमंत सकाळी तबेल्यात बसला होता. बाहेर आला आणि म्हणाला, "आबा, रागावू नका. इकून टाका हिला घोडेगावला, अजून धडधाकट हाय तवर. आमच्यातल्या एकाचा मामा रिक्षा घेतोय, भागी घेऊ. तुमचं वय हाय का आता थंडीत बसायचं?"

मी बादली घेऊन पाणी आणायला गेलो. थोड्या वेळाने बघतो तर तो साळूला कागदाच्या पुडीतून काहीतरी चारत होता. मला बघून कागद चुरगळून खिशात घातला.

१८ जानेवारी, सोमवार

परत तेच. त्याच रस्त्यावर, जवळजवळ त्याच जागी. घाम, ताठ पाय, काळी लघवी. मी पुन्हा फिरवली आणि या वेळी तिचे मागचे पाय मुडपले, बसता बसता सावरली.

मुलींना दुसऱ्या कुणाच्या टांग्यात घालून पाठवलं. मोठ्या बाई या वेळी भल्या नव्हत्या. "आणखी एकदा असं झालं तर मला रिक्षा लावावी लागेल, जालिंदर. पालक मला विचारतात." बरोबर आहे त्यांचं. पण साळू गेली तर मी कोण? टांग्यावर नाव लिहिलंय तेवढाच मी आहे.

आता हे लिहू की नको? दोनदा पेन झाकून ठेवलं. आडवातिडवा विचार करून दोन दिवसांवर बोट येतं. साळू आजारी पडते ती सोमवारी. आदल्या दिवशी आमच्या घरी परका माणूस येत नाही, येतो तो एकच. श्रीमंतला साळू नको आहे. काल त्याने तिला कागदातून काहीतरी चारलं आणि कागद लपवला. माझाच मुलगा माझ्या घोडीला काही घालतो की काय?

लिहिलं. पाप लागो.

१९ जानेवारी, मंगळवार

ही डायरी आता घरात ठेवत नाही. मालनला वाचता येत नाही, तरी ती नुसती समोर दिसली तरी मला मालनच्या डोळ्यांत बघता येत नाही. टांग्याच्या सीटखालच्या पेटीत ठेवलीय, चाबूक आणि पाना ठेवतो तिथे.

जेवण जात नाही. साळूपाशी बसतो आणि श्रीमंतचं लहानपण आठवतं. तो चालायला शिकला तो आधीच्या घोडीचा पाय धरून. मग वाटतं, मी काय लिहून बसलो? मग साळूच्या पुठ्ठ्यावर हात ठेवतो, ते तसंच लाकूड, आणि परत वाटतं, मग दुसरं कोण?

२२ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस शाळेच्या फेऱ्या करतेय. बरी आहे. आठवड्यात बरी असते, हेच तर. बाजारातून कुलूप आणलं, पितळी, दोन किल्ल्यांचं. मालन म्हणाली कशाला? म्हटलं, दिवस वाईट आहेत.

२४ जानेवारी, रविवार

श्रीमंत काल रात्री जेवणाच्या वेळेला आला, थकलेला होता, लवकर झोपला. सकाळी सवयीने खरारा घेऊन तबेल्याकडे गेला. साळू आल्यापासून रविवारी तिच्या अंगावरून खरारा तोच फिरवतो, नोकरी लागली तरी सोडलं नाही. दाराला कुलूप बघून थांबला.

"आबा, कुलूप कशाला?"

"चोरासाटी."

"आपल्याकडं कवा आला चोर?"

मी अंगणातल्या बादलीकडे बघत राहिलो. मग त्याने खरारा पायरीवर ठेवला, पालथा नाही, नीट ठेवला, आणि पिशवी उचलून निघाला. चहा तसाच राहिला.

मालनने मला तेव्हा जे ऐकवलं ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "त्या पुडीत गाजरं हुती. मीच दिलेली धुऊन. हिला इका म्हनला न् वर लाड करतोय, म्हनून लाजून लपवली पोरानं." मी म्हटलं, तू आई आहेस, तू असंच बोलणार. तर म्हणाली, "टांगा जुपा. आत्ताच्या आत्ता नागापूरला चला."

जुंपला. सुट्टी राहिली बाजूला. साळू नागापूरपर्यंत गेली, तिथे खोलीला कुलूप. त्याच्याही दाराला कुलूपच. दोन तास थांबलो आणि परत आलो. या गडबडीत साळूचा दाणाही राहिला, कडब्यावरच भागवलं.

२५ जानेवारी, सोमवार

साळू आज एकदम ठीक! जाता-येता काही नाही, घाम नाही, लघवी स्वच्छ.

म्हणजे कुलपाने काम केलं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मुलींना शाळेत सोडून परत येताना झाडाखाली टांगा उभा केला आणि रडलो. बासष्ट सालापासून रडलो नव्हतो, तात्या गेले तेव्हापासून.

२६ जानेवारी, मंगळवार

मुलींना झेंडावंदनाला नेलं. सगळ्यांनी पांढरे फ्रॉक घातले होते. साळूच्या लगामाला एकीने कागदी झेंडा लावला. मला कुणी काही विचारलं की मी ओरडतो. चांदभाईवर पण ओरडलो. तो म्हणाला, "भाऊ, घोडी बरी झाली न् तुमी बिघडले."

३० जानेवारी, शनिवार

श्रीमंत आला नाही. मालनने दोन ताटं मांडली होती, एक उचलून ठेवलं.

३१ जानेवारी, रविवार

आज तो नाही. कुलूप आहे, दोन्ही किल्ल्या माझ्या कडदोऱ्याला. आता कुणाची भीती नाही.

मालन बोलत नाही, म्हणून सगळा दिवस साळूपाशी काढला. करायचं काय? तिला खायला घालत बसलो. सकाळी दोन शेर, दुपारी एक, संध्याकाळी दोन. मालनने शेंगदाण्याच्या पोळ्या श्रीमंतसाठी केल्या होत्या, तो येईल या आशेवर. त्या तशाच पडल्या होत्या. चार साळूला घातल्या. तिने माझ्या तळहाताला ओठ लावून खाल्ल्या, तात्यांचा घोडा खायचा तसा. तिला म्हटलं, बाई, तुझ्या पायी मी काय करून बसलो.

उद्या सोमवार आहे. उद्या ती ठीक राहिली की माझ्या मनात शंका उरणार नाही. आणि शंका उरली नाही की मी काय करणार, तेही मला माहीत नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस लिहिलं नाही. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सोमवारी सकाळी साळू तबेल्यातून उडी मारूनच बाहेर आली. सावेडीला मुली घेतल्या. परत फिरून फर्लांगभरही आलो नसेन, घाम. मी लगेच टांगा थांबवला, मुलींना उतरवलं, साज काढला. साळूने मान खाली घातली, मागचे पाय थरथरले आणि ती रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली कोसळली. उठायचा प्रयत्न करायची, पुढचे पाय रोवायची, मागचं अंग यायचंच नाही. डोळे मोठे झाले होते. मी तिच्या डोक्यापाशी बसून नुसतं "साळू, साळू" करत होतो.

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की श्रीमंत नव्हता. तो काल नव्हताच. कुलूप होतं, किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. मी आणि मीच होतो.

मुक्ता नावाची मुलगी आहे टांग्यातली, चौथीतली, चुणचुणीत. ती म्हणाली, "काका, आमचे आजोबा मिलिटरीत घोड्यांचे डॉक्टर होते. त्यांना बोलावते." आणि पळत सुटली. पाच वर्षं मी त्या बंगल्यापुढे टांगा थांबवतोय, मला कधी कुणी सांगितलं नाही.

रस्त्यावरच्या एका भाजीवाल्याने घरी मालनला सांगितलं. ती माझ्याकडे आलीच नाही. हात करून ट्रक थांबवला आणि सरळ नागापूरला गेली. ट्रकमध्ये आयुष्यात कधी बसली नव्हती.

आजोबा आले, स्वेटर, माकडटोपी, हातात काठी. काकासाहेब म्हणतात त्यांना. साळूच्या कमरेवर आणि पुठ्ठ्यावर तळहात दाबून बघितलं. ओली माती बघितली, जिथे ती मुतली होती. माझ्याकडे वळले.

"फिरवली हिला?"

"आज न्हाई. आदी दोनदा फिरवली, तासभर."

"पुन्हा एक पाऊलही फिरवायची नाही. हलवायची नाही इथून. पोटाचं काही नाही हिला, स्नायू धरलेत. अंगावर घोंगडी घाला, पाणी पाजत राहा." मग विचारलं, "काल काय काम केलं हिने?"

मी म्हटलं, "काल सुट्टी हुती."

"आणि दाणा?"

पाच शेर म्हणालो बहुतेक. काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "आधी कधी कधी झालं? नीट तारखा सांगा. अंदाजे नको."

तेवढ्यात वर्कशॉपचा टेम्पो आला. श्रीमंत उतरला, अंगात तेलाचे कपडे, बरोबर दोन सोबती, आणि चेनपुली. माझ्याकडे बघितलं नाही. वर फांदीकडे बघितलं, कडुलिंबाची जाडी हाताने मापली, आणि म्हणाला, "ही पेलंल." ताडपत्रीची घडी करून साळूच्या पोटाखालून घातली, फांदीला पुली बांधली. काकासाहेब सांगत होते, लटकवू नका, नुसता आधार द्या. साखळी करकरत एक एक कडी वर जाऊ लागली. श्रीमंत तिच्या मानेपाशी उभा राहून बोलत होता, "उठ गं बया, उठ, हळू," आणि साळू त्याच्या छातीला कपाळ लावून उभी राहिली. चारी पाय जमिनीला, मागचं अंग ताडपत्रीवर. टेम्पोत मालन बसली होती, ती तेव्हा खाली उतरली.

काकासाहेब परत म्हणाले, "तारखा?"

मला आठवेना. माझं डोकं चालतच नव्हतं. आणि तोंडातून निघून गेलं, "डायरीत लिवलंय समदं." सीटखालची पेटी उघडली आणि डायरी हातात घेतली तेव्हा लक्षात आलं की तिच्यात काय काय आहे. पण काकासाहेब हात पुढे करून उभे होते. "माझा चष्मा घरी आहे," म्हणाले. "तुम्ही वाचा." मी डायरी उघडली आणि पानं नुसतीच मागेपुढे करत राहिलो. श्रीमंतने साखळी सोबत्याच्या हातात दिली, हात पँटला पुसले आणि डायरी माझ्याकडून घेतली.

मी काय करणार होतो? नको म्हणू? का नको ते कसं सांगू?

तो वाचू लागला. आवाज त्याचा शाळेतल्यासारखा, सरळ. तीन तारीख, पगारी सुट्टी, दोन शेर आणि वर एक. दहा तारीख, परत तेवढंच आणि पीठ. अकराला घाम, ताठ पाय. सतरा तारीख, चार शेर, गूळ, तूप. काकासाहेब प्रत्येक तारखेला मान हलवत होते. मग अठरा तारीख आली. "परत तेच. त्याच रस्त्यावर," त्याने वाचलं. काळी लघवी वाचलं. मोठ्या बाईंचं बोलणं वाचलं. टांग्यावर नाव लिहिलंय तेवढाच मी आहे, तेही वाचलं. मग तो थांबला.

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली तेवढा वेळ थांबला असेल. त्याचे डोळे पानावरून खाली सरकत होते, मला दिसत होतं. मी साळूच्या पोटाखालची ताडपत्री धरून ठेवली, धरायची गरज नव्हती तरी.

मग त्याने पान उलटलं आणि पुढचं वाचलं. चोवीस तारीख. कुलपाचं वगळलं आणि "साळू नागापूरपर्यंत गेली" तिथून सुरू केलं. दाणा राहिला. पंचवीसला एकदम ठीक. मग एकतीस तारीख, पाच शेर, चार पोळ्या. पोळ्या कुणासाठी केल्या होत्या तेही त्याने वाचलं नाही.

काकासाहेब म्हणाले, "झालं. पहिल्या सुट्टीला निभावलं. नंतर बघा, ज्या रविवारी काम केलं आणि दाणा चुकला, त्याच सोमवारी ती ठीक राहिली. आमच्या पलटणीत याला सोमवारचा आजार म्हणायचे. घोडा रोज राबणारा असला की त्याला सुट्टीत पूर्ण दाणा देऊ नये. ताकद अंगात साठून राहते, कामाला लागला की तीच स्नायूंना खाते. उभ्या दिवशी नुसतं गवत, आणि थोडं फिरवून आणायचं. तुमच्या घरात जुन्या कुणाला हे माहीत नव्हतं का?"

मालन माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हुतं."

तात्यांना माहीत होतं. का ते त्यांनी सांगितलं नाही, मला मारलं फक्त. कदाचित त्यांनाही का ते माहीत नसेल. मला वाटायचं तो माणूस कंजूष आणि दगड आहे. मी साळूला जे घातलं ते माझ्या हाताने घातलं, तळहातावरून, प्रेमाने. कुठलाही चोर एवढं घालू शकला नसता.

साळू दोन दिवस तिथेच, ताडपत्रीच्या आधाराने. श्रीमंत हलला नाही. मी म्हटलं, "तुझी नोकरी?" म्हणाला, "रजा टाकलीय. बिनपगारी."

आज दुपारी आधार काढला. उभी राहिली. संध्याकाळी कोंड्याचं पातळ आंबोण प्यायली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

साळू पायी पायी घरी आली. दर शंभर पावलांवर थांबत. मोठ्या बाईंनी परीक्षा होईपर्यंत रिक्षा लावलीय. पुढचं पुढे बघू म्हणाल्या. मुक्ता रिक्षातून हात हलवते. बाईंचं बरोबर आहे. मुलींना वेळेवर पोचवायला पाहिजे.

कुलूप काढून चांदभाईला दिलं. तो म्हणाला, नवंकोरं आहे, कशाला देताय?

७ फेब्रुवारी, रविवार

काल श्रीमंत आला. मला वाटलं नव्हतं.

सकाळी साळूपुढे नुसतं गवत टाकलं. ती दाण्याच्या तोबऱ्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. फार कठीण जातं. तात्यांना कसं जमायचं कुणास ठाऊक. मालन म्हणाली, मी बघते गवताचं, तुम्ही बाहेर जा, तुमचा भरवसा नाही.

श्रीमंत आणि मी तिला हळूहळू फिरवायला नेलं, दिल्ली दरवाज्यापर्यंत आणि परत. लगाम त्याच्या हातात, मी दुसऱ्या बाजूने. तीन आठवडे मी चैन पडत नाही म्हणून चालतोय, बसतोय, उठतोय, ओरडतोय, आज मात्र तिच्या पावलाने चालत होतो. शेवटी म्हटलं,

"श्रीमंत, त्या दिवशी डाक्टरास्नी वाचून दावताना..."

"काय?"

"अठरा तारखंचं तू समदं वाचलं न्हाईस."

तो वाकून साळूचा मागचा पाय बघायला लागला. पायाला काही झालेलं नव्हतं.

"शेवटच्या चार वळींचं अक्षर लागलं न्हाई मला, आबा."

"माझं?"

"व्हय. घाईत लिवलं असंल तुमी." मग उठला, साळूच्या मानेवर थाप मारली. "चला. तिला उन्हात उभी करू."

घरी आल्यावर त्याने खरारा घेतला आणि तबेल्यात गेला. मी डायरी काढली. ते पान फाडून चुलीत टाकायचं असं तीन दिवस ठरवून ठेवलं होतं. उघडून बघितलं. घाईत लिहिलेलं नाही. एक काना इकडेतिकडे नाही, कुठे खाडाखोड नाही. छापल्यासारखं आहे.

फाडलं नाही. राहू दे.